कुठला माल?

मला खोटं बोलायला शिकवलं ते एका अत्यंत प्रामाणिक माणसाने. त्यांचं नाव कांतिशेठ. मुंबईत ऑपेरा हाउसजवळ त्यांची रंगीत रत्नांची पेढी होती. मी तिथे पुड्या बांधायला लागले तेव्हा माझं शिक्षण संपलेलं होतं, म्हणजे मॅट्रिकच्या गणिताने ते संपवलं होतं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. निकालाच्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, "पुढे काय?" मी म्हटलं, "बघते." ते बघणं पुढे आयुष्यभर चाललं. आमच्या धंद्यात बघण्याचेच पैसे मिळतात.

पुडी म्हणजे पांढऱ्या कागदाची विशिष्ट घडी. आत पातळ निळसर कागद, त्यात खडे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने वजन. घडी अशी पडली पाहिजे की पुडी हातातून पडली तरी खडा बाहेर येता कामा नये. पुड्या बांधता बांधता मी शेठच्या मागे उभी राहून खडे बघायला लागले. उत्तरेकडच्या खिडकीशी पांढरा कागद अंथरायचा, चिमट्याने एकेक नीलम उचलायचा, भिंगातून बघायचा आणि ढीग लावायचे. हा रंगाने चांगला, हा डागी, हा दिव्याखाली सुंदर आणि उजेडात काळा. शेठने दोन-तीनदा माझे ढीग मोडून पुन्हा लावून पाहिले. मग मोडायचं सोडून दिलं. पेढीवरच्या पुरुषांना ते आवडलं नाही. मला त्यांचं न आवडणं आवडलं.

आणखी एक शब्द सांगायला हवा, कारण पुढची सगळी हकीकत त्याच्यावर उभी आहे: जांगड. व्यापारी आपला माल विश्वासावर दुसऱ्याच्या हातात देतो. त्याने तो गिऱ्हाइकाला दाखवायचा, विकला तर पैसे आणून द्यायचे, नाही विकला तर माल परत. पावती कधी असते, पुष्कळदा नसते. ह्याला जांगड म्हणतात. भांडवल नसलेल्या माणसाला ह्या धंद्यात उभं राहायचं तर दुसरा रस्ता नाही. लोक जांगड द्यायचे थांबले की तो माणूस धंद्यातून उठला.

तर खोटं बोलण्याचा धडा. एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या पेढीवरच्या माणसाने सहज विचारलं, "काय, आज शेठकडे काय आलंय?" मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "नीलम आलेत, फार सुंदर." संध्याकाळी कांतिशेठनी मला समोर बसवलं.

"कुसुमबेन, आज तुमी माझी तिजोरी रस्त्यात उघडी टाकली."

"पण शेठ, मी खरं तेच बोलले."

"खरं बोलायला देरासर हाय, देऊळ हाय. मालाबद्दल कोणी विचारलं, तर एकच जवाब. कुठला माल? बस. बायकोने विचारलं तरी, पोलिसाने विचारलं तरी. माल किती, कुठे, कोणाकडे, हे ज्याचा माल त्यालाच सांगायचं."

मग त्यांनी मला तालीमच दिली. मी चहा ओतत असताना, हिशेब करत असताना, शिंकत असतानासुद्धा मध्येच विचारायचे, "कुसुमबेन, कालचा माल कुठाय?" पापणी न हलवता म्हणायचं, "कुठला माल?" जरा चाचरले की पुन्हा. असं करता करता ते माझ्या हाडात गेलं.

माझं लग्न आमच्याच चाळीतल्या श्रीधरशी झालं. तो धातूंवर संशोधन करणारा, मी मॅट्रिक नापास. चाळीने दोन्ही बाजूंनी हळहळ व्यक्त केली. त्याला तोक्योतल्या एका संस्थेत काम मिळालं आणि आम्ही मुलीला, मंजिरीला, घेऊन तिथल्याच कोतो भागात राहायला आलो. जपानमध्ये तेव्हा पैशाला ऊत आला होता. कांतिशेठनी फोनवर विचारलं, "कुसुमबेन, तिथे बसल्या बसल्या काय करणार?" आणि ओकाचिमाचीत त्यांचं एका खोलीचं ऑफिस उघडलं. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक टेलिफोन आणि मी.

ओकाचिमाची ही तोक्योतली रत्नांची पेठ. वरून आगगाड्या जातात आणि खाली, रुळांच्या आसपासच्या गल्ल्यांत, छोटी छोटी दुकानं. ऑफिसातली तिजोरी नावाला होती, तिच्यात माझी छत्री असायची. माल असला की तो माझ्याबरोबर घरी जायचा आणि तांदळाच्या डब्यात राहायचा. ही शेठचीच व्यवस्था, मुंबईतही त्यांचा माल असाच कुठल्या ना कुठल्या घरी असायचा. घरात ह्याबद्दल एक अक्षर बोललं जात नसे. संध्याकाळी श्रीधर विचारायचा, "काय आणलंस?" मी म्हणायची, "काही नाही." हे मी डब्याकडे न बघता म्हटलं तर भात व्हायचा. डब्याकडे बघून म्हटलं तर तो निमूटपणे पोळ्यांची कणीक काढायचा. कचरा टाकायच्या दिवशी शेजारीण विचारायची, "शेलार-सान, तुम्ही कसलं काम करता?" मी म्हणायची, "कसलं काम! घरीच असते." हातात ऑफिसची पिशवी असायची.

जपानी गिऱ्हाइकांनी मला नव्याने धंदा शिकवला. कोफूहून एक कारागीर यायचा, तो ढगाळ दिवशीच खडे बघायचा. म्हणायचा, "ऊन खुशामत करतं." एक बाई माणकाची अंगठी घेण्याआधी तो खडा आपल्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली बघायला मागायच्या, कारण त्यांचं आयुष्य तिथे जाणार होतं. मी दिला. जांगडच ती. आणि नकार! जपानी माणूस नाही म्हणत नाही. तो दातांतून हवा ओढतो, मान वाकडी करतो आणि दुसऱ्या दिवशी मिठाईचा सुबक खोका घेऊन येतो. पहिल्या वेळी मला वाटलं, सौदा पक्का झाला, तोंड गोड करायला आलाय. नंतर कळलं: खोका आला की सौदा गेला.

खोका न आणणारा एकच माणूस होता, कुवाबारा-सान. साठीचे, काटकुळे, नीलमातले दादा. कॅल्क्युलेटर न वापरता सोरोबान वापरायचे, म्हणजे मण्यांची ती चौकट. आमचा सौदा त्या मण्यांवरच व्हायचा. ते आकडा मांडायचे, मी बोटाने एक मणी वर सरकवायची, ते दुसऱ्या बोटाने खाली आणायचे. एकही शब्द नाही. आजूबाजूचे दुकानदार बघायला यायचे.

एकदा शेठचा नीलमाचा एक लॉट घेऊन गेले. कुवाबारा-सानना त्यातले निवडक खडे हवे होते, भाव मात्र अख्ख्या लॉटचा, म्हणजे कमी. मी म्हटलं, "सगळा लॉट, नाही तर काही नाही." जेवणाची वेळ झाली. त्यांनी दोन वाडगे सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, मागवला. मी सांगितलं, "भाव ठरल्याशिवाय मी तुमच्याकडचं खाणार नाही." मग तेही खाईनात. दोघांच्या मध्ये तो सोबा फुगून लगदा झाला. शेवटी चार लोकांसमोर ते म्हणाले, "शेलार-सान, तुमच्या शेठना सांगा, पुढच्या वेळी नुसता माल पाठवा. बाई नको."

माझा राग म्हणजे दुधासारखा, बघता बघता वर. मी त्यांचं सोरोबान उचललं, झटकून सगळे मणी खाली पाडले आणि म्हटलं, "तुम्ही रत्नं सोडा, मुळे विका. मुळे निवडायला सोपे." आणि निघून आले. त्यानंतर गल्लीत समोरासमोर आलो की ते वरची आगगाडी बघायचे आणि मी चपलेचा पट्टा.

मग जपानचा तो ऊत उतरला. दुकानं अर्ध्यावर आली. कांतिशेठनी ऑफिस बंद केलं, मला म्हणाले, "शेवटच्या पुड्या तुमच्याकडेच राहू द्या, जमेल तशा विका." पुड्या डब्यात राहिल्या, आणि जोडीला मी गल्लीतल्या दुकानदारांचाही माल जांगड घेऊन विकू लागले. श्रीधरचं काम वर्षावर्षाच्या करारावर, आणि त्या वसंतात करार पुढे जाईल की नाही ते त्याच्या प्राध्यापकालाही माहीत नव्हतं. त्याच सुमाराला एका युरोपीय कंपनीने तिथे मोठं ऑफिस उघडलं. खडे तपासणं, वर्गवारी करणं, व्यापाऱ्यांचा माल तिजोरीत सांभाळणं हे त्यांचं काम. वर्गवारी विभागाला मुख्य हवी होती. मी अर्ज केला. तिथले साहेब पीटर्स म्हणून होते, उंच आणि फार सभ्य. त्यांनी माझ्यासमोर खड्यांचा ढीग ओतला. मी तो लावला. त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, नोकरी तुमचीच आहे. फक्त एक औपचारिक बाब."

ती औपचारिक बाब म्हणजे लाय डिटेक्टर. कंपनी सगळ्या देशांत नोकरीआधी ही चाचणी घ्यायची.

घरी येऊन श्रीधरला विचारलं, "खरंच खोटं पकडतं का रे ते?"

"खोटं नाही पकडत. श्वास, नाडी, घाम मोजतं. त्याचा अर्थ माणूस लावतो."

"आणि मी चिडले तर?"

"तर यंत्राची काळजी वाटते मला."

चाचणी घेणारा गोरा, टकला, डॉक्टरासारखं बोलणारा माणूस होता. त्याने आधी सगळे प्रश्न वाचून दाखवले, म्हणजे आश्चर्याचा धक्का नको. चोरी केली आहे का? नाही. अमली पदार्थ? नाही. "मालकाचा माल तुम्ही कधी आपल्या घरी ठेवला आहे का?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही." विचार करायला फुरसतच मिळाली नाही. शिंक येते तसं ते आलं. मग त्याने छातीला नळ्या, दंडाला पट्टा आणि बोटांना टोप्या लावल्या. तेच प्रश्न पुन्हा, उलटसुलट. कागद सरकत होता, सुया खरडत होत्या. तो प्रश्न आला की मला तांदळाचा डबा दिसायचा. त्या वेळी मंजिरी शाळेतून येऊन गळ्यातल्या किल्लीने दार उघडत असणार, घरात एकटी. मी ह्या अनोळखी माणसाला काय सांगणार? की हो, कोतोतल्या अमुक इमारतीत, आत्ता ह्या क्षणी, माल आहे आणि राखायला एक शाळकरी पोरगी आहे? मी दर वेळी "नाही" म्हटलं, आणि दर वेळी ती सुई चेकाळली.

काही दिवसांनी पीटर्स साहेबांच्या ऑफिसातल्या ओदा-सानचा फोन आला, येऊन जा. ओदा-सान तिथलं सगळं बघायच्या, दुभाषाचं कामही त्याच करायच्या. मी दारातून आत गेले आणि टेबलावर मिठाईचा खोका बघितला. खुर्चीत बसायच्या आधीच मला निकाल कळला.

पीटर्स साहेब म्हणाले, "फसवणुकीची चिन्हं आढळली, असा अहवाल आहे. मला वाईट वाटतं."

"तुम्हाला वाईट वाटतं? माझ्या नावावर 'फसवणूक' लिहून तुम्ही मला गोड खायला देताय?" मी इतक्या जोरात बोलले की बाहेरचे टाइपरायटर थांबले. ओदा-सानने माझ्या वाक्याचं जे भाषांतर केलं ते फारच छोटं होतं. त्यांचे ते उपकारच. पण मला दारापर्यंत सोडायला आल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "शेलार-सान, नियमात एक कलम आहे. ह्या निकालावर एकदा दाद मागता येते. धंद्यातला कोणी जुना, वजनदार जपानी माणूस तुमच्यासाठी उभा राहायला हवा. साहेब हे आपणहून सांगणार नाहीत. तुम्ही विचारा." मी तिथूनच मागे फिरले आणि विचारलं. सुनावणी ठरली.

नुसती नोकरीच गेली असती तर मी रडले नसते. पण ओकाचिमाचीची गल्ली अरुंद, बातमी एका टोकाला शिंकली की दुसऱ्या टोकाला सर्दी होते. एक जण आला, फार वाकून म्हणाला की त्याचा लॉट त्याला परत हवाय, अचानक गिऱ्हाईक आलंय. बरोबर मिठाईचा खोका. मग दुसरा. मग तिसरा. माझ्यासाठी शब्द टाकाल का असं मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी दातांतून हवा ओढली. घरात खोके साठले. मंजिरी खूश होती. मी मात्र रोज एक एक पुडी परत करत होते आणि मला दिसत होतं, ह्या गल्लीत माझ्या हातावर कोणी काही ठेवेल असे दिवस संपत चाललेत. पाटी नसलेल्या, भांडवल नसलेल्या बाईचं तेवढंच तर दुकान असतं, लोकांनी हातावर ठेवलेला विश्वास.

मी कांतिशेठना फोन लावला. विचार होता, त्यांनी मोकळीक दिली तर सुनावणीत खरं सांगून टाकावं की माल घरी ठेवायचा ही पेढीचीच रीत.

"शेठ, एक विचारायचं होतं. तुमचा तो माल..."

तिकडून पटकन आवाज आला, "कुठला माल?"

"अहो शेठ, मी कुसुम बोलतेय."

"हां, हां, कुसुमबेन! तब्येत कशी? मंजिरी कशी? माल-बिल काय नाय हां इथे. फोनवर काय ते हवापाणी बोला."

मी हवापाणी बोलले. इतकी चिडले होते तरी फोन ठेवल्यावर हसू आवरेना. श्रीधर बाजूला बसून ऐकत होता. तो म्हणाला, "मग त्या सोबावाल्याकडे जा."

"कुवाबाराकडे? तो माणूस मला बघून आगगाड्या मोजतो!"

"बाकी सगळे तुझ्याशी गोड बोलायचे. त्यांना तुझी ओळख काय? जो तुझ्याशी सगळ्यात जास्त भांडलाय, त्यालाच माहीत तू कशी आहेस."

मला त्याचं म्हणणं पटलं, म्हणून मी त्याच्यावर तासभर धुसफुसत राहिले. दुसऱ्या दिवशी गेले.

कुवाबारा-सान एकटेच होते. वर बघायला आगगाडी नव्हती, म्हणून त्यांना माझ्याकडे बघावं लागलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फक्त डब्याचं सोडून. कोणता प्रश्न होता, मी काय उत्तर दिलं, सुई कशी उडाली, तेवढंच. त्यांनी टेलिफोन उचलून कोपऱ्यावरच्या खानावळीत दोन सोबा सांगितले. वाडगे आले.

"आधी खा," ते म्हणाले.

"आधी भाव ठरू दे."

"शेलार-सान, मागच्या वेळचा सोबा वाया गेला त्याचं मला अजून दुःख आहे. खा."

मी खाल्ला. राग गिळण्यापेक्षा सोबा गिळणं सोपं गेलं. वाडगा खाली ठेवल्यावर त्यांनी सोरोबान पुढे ओढलं. "मी येईन. मला काय मिळेल?"

"काही नाही."

त्यांनी एक मणीही हलवला नाही. म्हणाले, "तुम्ही सांगितलेला हा पहिला वाजवी भाव."

सुनावणीच्या दिवशी ते जुना, कडक इस्त्रीचा सूट घालून आले. टेबलाच्या एका बाजूला पीटर्स साहेब, बाजूला ओदा-सान, समोर मी आणि कुवाबारा-सान. पीटर्स साहेबांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "मॅडम, आता मोकळेपणाने सांगा. मालकाचा माल तुम्ही घरी ठेवत होता का?"

"नाही."

"अहवाल वेगळं सांगतो."

"अहवालाला मी ओळखत नाही. तो मला ओळखत नाही. दहा वेळा विचाराल तर दहा वेळा नाही म्हणेन." माझा आवाज चढायला लागला तशी ओदा-सानने हळूच माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

तेवढ्यात कुवाबारा-साननी कोटाच्या आतल्या खिशातून एक पुडी काढली आणि सगळ्यांच्या देखत माझ्या तळहातावर ठेवली. "शेलार-सान, हा माझा माल. घेऊन जा, विकून बघा." माझा हात आपोआप मिटला आणि पुडी पर्समध्ये गेली. त्यांनी चहाचा घोट घेतला. यंदा साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, उशिरा येणार म्हणाले, ओदा-सान हो म्हणाल्या. पीटर्स साहेब घड्याळ बघायला लागले. मग कुवाबारा-सान म्हणाले, "पीटर्स-सान, आता त्यांना विचारा, मी दिलेला माल कुठे आहे."

पीटर्स साहेबांनी गोंधळून विचारलं, "मॅडम, ह्यांनी दिलेला माल कुठे आहे?"

"कुठला माल?" मी म्हटलं.

म्हटल्यावर माझं मलाच कळलं. ओदा-सानने तोंडावर हात धरला, पण त्यांचे खांदे हलत होते. कुवाबारा-सान मात्र हसले नाहीत.

"घरी नेणार का, ते विचारा."

"घरी काही नसतं," मी म्हटलं. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

कुवाबारा-सान पीटर्स साहेबांकडे वळून, ओदा-सानला भाषांतराला वेळ देत, सावकाश बोलले, "तुमचं यंत्र उत्तम आहे. ह्या बाई खोटं बोलल्या. आत्ताही बोलल्या, माझ्यासमोर, माझ्याच मालाबद्दल. त्या माल कुठे ठेवतात हे मला माहीत नाही आणि मी विचारणार नाही. पण माझा माल कुठे आहे हे कोणी विचारलं आणि ज्याने खरं सांगितलं, त्याच्या हातात मी काचेचा मणीसुद्धा देणार नाही. तुमच्याकडे तिजोरी आहे ना? मग तुम्हाला कसली माणसं हवीत? ह्या परीक्षेत जे पास झाले, त्यांची मला काळजी वाटते."

पीटर्स साहेबांनी पेनला टोपण लावलं. माणूस वाईट नव्हता. पण कंपनीचा नियम त्यांच्या हाताबाहेरचा. म्हणाले, "मला पटतंय. तरी अहवाल मी बदलू शकत नाही. फार तर तुमची पुन्हा चाचणी घेऊ."

"पुन्हा तेच होईल." मग माझ्यातली बाजारातली बाई जागी झाली. "ही चाचणी कोणाकोणाला असते?"

"सगळ्या कर्मचाऱ्यांना."

"आणि बाहेरून कामाला येतात त्यांना? झाडू मारणारे, तिजोरी दुरुस्त करणारे, सल्लागार?"

"ते कर्मचारी नाहीत. त्यांना नाही."

"मग मी बाहेरची," मी म्हटलं. "आठवड्यातून तीन दिवस येईन, ढीग लावून देईन, कामाप्रमाणे मोबदला घेईन." मोबदल्याचा आकडा मी कागदावर लिहून पुढे सरकवला. तो पगाराहून चांगलाच वरचा होता. पीटर्स साहेबांनी तो कमी केला, मी तो पुन्हा वर नेला. कुवाबारा-सान बाजूला डोळे मिटून बसले होते, गाण्याच्या मैफलीत बसावं तसे.

त्या कंपनीत मी पुढे पुष्कळ वर्षं गेले, तीन दिवस, बाहेरची म्हणून. त्यांच्या तिजोरीतला जवळजवळ प्रत्येक मोठा खडा माझ्या चिमट्याखालून गेला. ज्या बाईला नोकरीला ठेवणं धोक्याचं, तिच्या हातात सगळी तिजोरी द्यायला हरकत नव्हती! तो अहवाल मात्र तसाच राहिला. दर नव्या वर्षाला मी पीटर्स साहेबांना शुभेच्छा द्यायची आणि विचारायची, "ते वाक्य खोडलंत का?" ते दिलगिरीने हसायचे. बदली होऊन गेले तेव्हा निरोपाच्या समारंभातही मी विचारलं. कुठल्या तरी कपाटात आजही लिहिलेलं असेल की शेलार नावाच्या बाईत फसवणुकीची चिन्हं आढळली. ते मला अजून खुपतं. खुपणारच. यंत्राबद्दल माझी तक्रार नाही. त्याने जे मोजलं ते बरोबर मोजलं. तक्रार आहे ती अर्थ लावणाऱ्यांबद्दल.

पण हिशेब मांडायला बसले की देणंच जास्त निघतं. नियम कानात सांगणाऱ्या ओदा-सान. कणीक मळणारा नवरा. स्वतःच्या मालाबद्दल मलाच "कुठला माल?" विचारणारे कांतिशेठ. ते आता नाहीत, पेढीही नाही, आणि तो तांदळाचा डबा आज फक्त तांदळाचा आहे, म्हणून हे लिहायला मी मोकळी झाले. आणि कुवाबारा-सान, ज्यांच्याशी मी त्यानंतरही शेवटपर्यंत कडाकडा भांडले. प्रत्येक भांडणाआधी सोबा खाऊन.

त्या सुनावणीच्या दिवसाचंच शेवटचं सांगते. ऑफिसातून निघून आम्ही दोघं रुळांखालच्या गल्लीत आलो. दुपारची वर्दळ होती. माल परत मागणारे, मिठाई देणारे सगळे आपापल्या दुकानांच्या दारात. मी पर्समधून ती पुडी काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. "कुवाबारा-सान, आपलं काम झालं. हा तुमचा माल."

ते चालता चालता थांबले. हळू बोलणारा माणूस, पण त्या दिवशी वरून जाणाऱ्या गाडीवर आवाज चढवून म्हणाले, "परत कशाला? मी काय नाटक करायला पुडी घेऊन आलो होतो? नीलम आहेत, अख्खा लॉट. भाव आला तर कळवा, नाही आला तर भांडायला या." आणि मागे न बघता आपल्या दुकानात गेले.

 दारातल्या प्रत्येकाने माझ्या हातातली पुडी बघितली. पावती नाही, सही नाही. एक जण, ज्याने पहिला खोका आणला होता, माझ्याकडे बघून किंचित वाकला. मीही वाकले, पण त्याच्यापेक्षा जरा कमी.

घरी आले तेव्हा श्रीधर स्वयंपाकघरात होता. सुनावणीबद्दल विचारायचं त्याच्या तोंडावर आलेलं दिसत होतं, पण त्याने आपला नेहमीचाच प्रश्न विचारला, "काय आणलंस?"

"काही नाही," मी म्हटलं, डब्याकडे बघून.

त्याने माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं. मग परात घेतली आणि कणीक काढायला लागला.